गावपातळीवरच्या प्रकल्पात टीमचं बोलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या खेड्यांत पाणलोट, शेततळी, नळयोजना, शेतकरी कंपनी, बचत गटाचा उद्योग अशा कामांवर असलेल्या लोकांनी पाठवलेले हे प्रश्न आहेत. तेच ते प्रश्न एकत्र केले, नावं-गावं काढली. आधी सोपे, मग किचकट.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. "आमच्यात संवादच नाही" अशी तक्रार करणाऱ्या टीममध्ये बहुतेकदा बोलणं भरपूर असतं. ठरलेलं काही नसतं, आणि कुणी ठरवायचं हेही ठरलेलं नसतं. त्याचं खापर बिचाऱ्या संवादावर फुटतं.

१. आमची टीम सहाच जणांची. दिवसभर सोबत असतो, सोबतच डबा खातो. बोलण्याचं वेगळं नियोजन कशाला पाहिजे?

सहा जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या होतात १५. माणसांचा आकडा घ्या, त्याला एकने कमी आकड्याने गुणा, दोनने भागा. एवढ्या जोड्या डब्यावर निभतात, खरं आहे. पण तुमची टीम सहाची नाही. सरपंच, ग्रामसेवक, रोजगार सेवक, कृषी सहायक, जेसीबीवाला आणि पंचायत समितीतला अभियंता धरले की झाले बारा, आणि जोड्या ६६. माणसं दुप्पट झाली, जोड्या चौपटीच्या वर गेल्या. यातले बरेच जण एकमेकांशी थेट बोलतच नाहीत. त्यांच्यातला निरोप तिसऱ्याच्या तोंडून, पानठेल्यावरून जातो आणि जाताना थोडा बदलतो. नियोजन या बाहेरच्या सहा जणांसाठी लागतं.

२. बरं, मग कागदावर नेमकं काय लिहायचं?

एका पानात मावेल तेवढंच. कुणाला काय कळायला हवं, कधी, कोणत्या मार्गाने, आणि सांगायची जबाबदारी कुणाची. शिवाय एक रकाना जो हमखास राहून जातो: कोणता निर्णय कुणाचा.

सिमेंट नाला बांधाचं उदाहरण घ्या. मे महिना, पारा ४५ च्या आसपास, काँक्रीट कालच ओतलेलं. ग्रुपवर सूचना येते, "तराई नीट करा" (तराई म्हणजे काँक्रीट पाणी मारून ओलं ठेवणं). सगळे वाचतात. मिस्त्रीला वाटतं पाणी कंत्राटदार आणेल. कंत्राटदार धरून चालतो की ग्रामपंचायतीचा टँकर येईल. सरपंचाला कुणी विचारलेलंच नसतं. तिसऱ्या दिवशी काँक्रीटवर भेगा. सूचना सगळ्यांपर्यंत पोचली होती. पाणी कुणी आणायचं हे कुणीच ठरवलं नव्हतं.

पानावर ते असं हवं: "तराई सकाळ-दुपार-संध्याकाळ, दहा दिवस. पाणी कंत्राटदाराचं. रोज पाहणार सुपरवायझर. सकाळी आठपर्यंत टँकर आला नाही तर सुपरवायझरने सरपंचांना फोन करायचा, त्या दिवसाचा टँकर पंचायतीचा, पैसे कंत्राटदाराच्या बिलातून." दहा दिवस हा आकडा हवेतला नाही. उष्ण आणि कोरड्या हवेत काँक्रीट किमान दहा दिवस ओलं ठेवावं असं भारतीय मानक ४५६ सांगतं, मिश्र सिमेंट असेल तर त्याहून जास्त. आकड्यामागचं कारण मिस्त्रीला सांगितलं की तो स्वतःहून पाण्याची आठवण करून देतो. नुसता हुकूम सोडला की तिसऱ्या दिवसानंतर आठवण करणारं कुणी राहत नाही.

३. व्हॉट्सॲप ग्रुप आहे की! तेवढ्यावर भागत नाही का?

ग्रुप चांगला आहे, पण त्याच्याकडून भलत्या अपेक्षा करू नका. कामाच्या ग्रुपवर सकाळी सुविचार, दुपारी वाढदिवसाचा केक, संध्याकाळी कुणाच्या तरी तेरवीची पत्रिका, आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी "उद्या मोजणी आहे" हा निरोप. तो कुणाला दिसला नाही तर दोष त्या माणसाचा नाही.

दोन ग्रुप करा. एक गप्पा-शुभेच्छांचा, तो बंद करायच्या भानगडीत पडू नका, माणसं जोडलेली राहतात. दुसरा फक्त कामाचा, आणि त्यावर गरज पडली तर फक्त ॲडमिननेच लिहायचं असं सेटिंग ठेवा. कामाच्या निरोपात गाव, काम, काय करायचं, कुणी आणि कोणत्या तारखेपर्यंत हे पहिल्या दोन ओळींत आलं पाहिजे. चूक झाली तर पंधरा मिनिटांच्या आत तोच निरोप दुरुस्त करता येतो. त्यानंतर मात्र "वरचा निरोप रद्द, हा धरा" असं स्पष्ट लिहा. दोन परस्परविरोधी निरोप एकाच ग्रुपवर असले की लोक आपल्या सोयीचा धरतात. आपणही तेच केलं असतं.

निळ्या खुणांवर विसंबू नका. ग्रुपमध्ये त्या सगळ्यांनी वाचल्याशिवाय येतच नाहीत, आणि सगळ्यांनी वाचलं म्हणजे सगळ्यांना समजलं असंही नाही (प्रश्न ४ पाहा). साधा बटणाचा फोन असलेला माणूस टीममध्ये असतोच. कधी नंबर त्याच्या पोराचा असतो आणि पोरगं अमरावतीला शिकायला. अशा प्रत्येकासाठी "याला फोन कोण करणार" हे नावानिशी ठरवा. लांब ऑडिओ पाठवण्याची सवय असलेल्यांना एकच विनंती, ऑडिओखाली एका ओळीत काम लिहा. तीन महिन्यांनी तारीख शोधायची वेळ आली की ऑडिओत काही सापडत नाही.

४. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठा दाखवला, तरी काम झालं नाही. हे कसं?

अंगठ्याचा अर्थ "पाहिलं" एवढाच. महत्त्वाचं काम असेल तर फोन करा आणि शेवटी विचारा, "उद्या तुम्ही आधी काय करणार, सांगा बरं." समोरचा आपल्या शब्दांत सांगेल तेवढंच पोचलं असं धरा. "समजलं ना?" या प्रश्नाला मात्र आपल्याकडे एकच उत्तर आहे, "हो."

५. "हो ना भाऊ, करू" म्हणतात आणि करत नाहीत. लोक तोंडावर खोटं का बोलतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा बाहेरून आलेल्या सहकाऱ्यांकडून. खोटं बोलणं क्वचितच असतं. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला, त्यातून "साहेबाला", सरळ नाही म्हणणं उर्मटपणाचं वाटतं. म्हणून नकार "हो" च्या पोशाखात येतो. कान तयार झाला की फरक कळतो. "करून टाकतो, उद्या सकाळी या" हे खरं हो. "पाहू" म्हणजे अजून मन तयार नाही. "होऊन जाईल जी" म्हणजे होईल, पण मी करीन असं नाही. "तुम्ही म्हणता तं करू" हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. त्याला ते पटलेलं नाही, आणि उद्या बिघडलं तर ते तुम्ही सांगितलं म्हणून बिघडलं.

उपाय दोन. प्रश्न असा विचारा की हो-नाहीत उत्तर देता येणार नाही. "करणार ना?" ऐवजी "यात अडचण कुठं येईल?" किंवा "तुमच्या वावरातून चर न्यायचा तर धुऱ्याचं (बांधाचं) काय करावं लागेल?" असं विचारलं की माणूस मोकळा होतो आणि खरी अडचण बाहेर येते: शेजाऱ्याशी धुऱ्याचा वाद आहे, भावाची सही लागते, पऱ्हाटी (कपाशी) अजून उभी आहे. दुसरा उपाय, नाही म्हणायला सन्मानाची वाट ठेवा. "या हप्त्यात जमत नसलं तर आताच सांगा, पुढच्या यादीत घेऊ, नाव कटत नाही." नकाराची किंमत कमी केली की खरं उत्तर लवकर मिळतं.

हेच टीमच्या आतही लागू आहे. नवखा तरुण "हो सर" म्हणतो तेव्हा तो तुम्हाला घाबरलेला असू शकतो. तो का घाबरला, याचा विचार सरांनी करायचा आहे.

६. आठवड्याची बैठक कधी आणि किती वेळ घ्यावी? कुणी येतच नाही.

अर्धा तास, ठरलेला वार, आणि तो वार गावाच्या बाजाराचा नको. वेळ मात्र वर्षभर एकच ठेवाल तर कुणी येणार नाही. पेरणीच्या दिवसांत दिवसाची बैठक विसरा. कापूस वेचणीच्या हंगामात बाया अंधार पडताना घरी येतात, मग स्वयंपाक. त्यांच्यासाठी रात्री साडेआठच्या आधीची बैठक म्हणजे त्यांना न बोलावण्यासारखंच. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातला बसा. पूर्व विदर्भात त्याच दिवसांत मोहफूल आणि पाठोपाठ तेंदूपानाचा हंगाम असतो, घरंच्या घरं पहाटे जंगलात जातात. मेळघाटात होळीच्या आसपास बैठक ठेवणाऱ्याने कोरकू कॅलेंडर पाहिलेलं नसतं.

तारखा ठरवताना एक पथ्य: गाव "मृग लागायच्या आत" म्हणतं, अभियंता "३१ मे" म्हणतो, आणि दोघांनाही वाटतं ठरलं. मृग साधारण ७ जूनला लागतो. तो एक आठवडा मातीकामासाठी फार मोठा असतो. "पोळा झाल्यावर" ही मुदतही तशीच. पोळ्यानंतर तान्हा पोळा, मग पाव्हणे, आणि पोळ्याची तारीख दरवर्षी हलते. लोकांच्या भाषेतली मुदत खुशाल घ्या, पण तिच्या शेजारी इंग्रजी तारीख लिहा आणि दोन्ही मोठ्याने वाचा.

७. इतिवृत्त कोणी लिहायचं? आमच्याकडे तर प्रोसिडिंग बुक महिन्याच्या शेवटी एकदम भरतात.

महिन्याच्या शेवटी भरलेलं इतिवृत्त ऑडिटसाठी असतं, कामासाठी नाही. ते भरायचं तर भरा. कामाचं वेगळं लिहा, बैठक उठायच्या आत, आणि उठण्यापूर्वी वाचून दाखवा. "पाणी प्रश्नावर सविस्तर चर्चा करण्यात आली व योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले" या वाक्यात कुणीही काहीही करणार नाही, हे ते लिहिणाऱ्यालाही माहीत असतं. "नाल्याकाठच्या तीन शेतकऱ्यांची संमतीपत्रं रोजगार सेवक शुक्रवार १२ तारखेपर्यंत आणणार, एकाने नकार दिला तर त्याच दिवशी अभियंत्याला कळवणार" असं असेल तर पुढच्या बैठकीत पहिली पाच मिनिटं आपोआप ठरतात.

लिहिण्याचं काम फिरतं ठेवा. नेहमी टीममधल्या एकमेव ताईकडेच वही सरकवली जाते. जी लिहीत असते तिला बोलायला सवड मिळत नाही (प्रश्न १२ पाहा).

८. मापात घोळ होतो. सांगितलं एक, खोदलं भलतंच.

हा आमचा जुना आणि महागडा प्रश्न. अंदाजपत्रक मीटरमध्ये, मजूर फुटात, शेतकरी एकर-गुंठ्यात आणि सातबारा हेक्टर-आरमध्ये. सातबाऱ्यावर ०.८१ दिसलं की ते दोन एकर, हे टीममधल्या प्रत्येकाला पाठ हवं. एक हेक्टर म्हणजे साधारण २.४७ एकर, आणि एक एकर म्हणजे ४० गुंठे.

खरा घोळ मात्र मापांच्या क्रमात होतो. सलग समतल चर (उताराला आडवा, एकाच पातळीत जाणारा) ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल खोदायचा आहे. मुकादमाला फोनवर सांगितलं जातं, "दोन बाय एक." रुंदी दोन फूट की खोली? जोडीतल्या एकाने रुंद खोदला, दुसऱ्याने खोल. गंमत अशी की दोघांचं घनमाप सारखंच भरतं, म्हणून मजुरीच्या मोजणीत काहीच दिसत नाही. दिसतं ते पावसाळ्यात, अरुंद खोल चराच्या कडा ढासळल्यावर.

फोनवर माप सांगायचं असेल तर आधी वस्तू, मग आकडा: "रुंदी दोन फूट, खोली एक फूट." त्याहून चांगलं म्हणजे काठी. एक सरळ काठी घ्या, एका टोकापासून ६० सेंटिमीटरवर लाल खूण, दुसऱ्या टोकापासून ३० सेंटिमीटरवर निळी. लाल आडवी धरायची, निळी उभी. प्रत्येक टोळीला एक काठी द्या. वाचता न येणारा मजूरही मग सुपरवायझरला दाखवून देतो की चर आखलेलाच चुकीचा आहे. शेततळ्याला हीच युक्ती चालत नाही. तिथे फक्की टाकून कोपरे आखा, उताराची बाजू आतून मोजायची की बाहेरून हे जेसीबीवाल्याच्या समोर उभं राहून ठरवा, आणि आखणीचा फोटो खोदाईच्या आधी ग्रुपवर टाका.

९. वाईट बातमी वर कशी सांगायची? साहेब भडकतात म्हणून लोक दडवतात.

तीन मीटर खोल शेततळं मंजूर आहे, दीड मीटरवर काळा पाषाण लागला. सुपरवायझर दोन दिवस कुणाला सांगत नाही, जेसीबीचं भाडं चालू राहतं, आणि तिसऱ्या दिवशी बातमी येते ती कंत्राटदाराच्या बिलातून. बातमी सांगायला चार वाक्यं पुरतात: काय झालं, त्याने वेळेवर आणि पैशावर काय फरक पडेल, कोणते पर्याय आहेत, तुमच्याकडून कधीपर्यंत काय हवं. "दीड मीटरवर दगड लागला. ब्रेकर लावला तर खर्च अंदाजपत्रकाबाहेर जातो. जागा बदलता येईल, शेतकरी तयार आहे, किंवा खोली कमी करून लांबी-रुंदी वाढवता येईल का हे विचारावं लागेल. जेसीबी उद्या दुपारपर्यंत थांबवला आहे, तोवर सांगा."

साहेबांसाठीही दोन शब्द. लवकर आलेल्या वाईट बातमीवर तुम्ही पहिल्यांदा जसं वागता, तेवढ्यावर पुढची बातमी किती लवकर येईल हे ठरतं. भडकायचंच असेल तर उशिरा सांगणाऱ्यावर भडका.

१०. अभियंत्याने फोनवर "सुरू करा" सांगितलं. काम सुरू करायचं का?

नाही. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि कार्यारंभ आदेश हातात येईपर्यंत फोनवरचा शब्द हा सद्भावनेचा शब्द आहे. बदली झाली की तो माणूस आपल्या शब्दासह जातो. फोन संपल्यावर लगेच लिहा: "आताच्या बोलण्याप्रमाणे आपण अमुक कामास तोंडी होकार दिला आहे, लेखी आदेशाची वाट पाहत आहोत." भांडणाचा सूर नको, आठवणीचा ठेवा. पत्र दिलं तर आवक क्रमांक आणि तारीख शिक्क्यासह आपल्या प्रतीवर घ्या. "साहेबांच्या टेबलावर ठेवलं" ही पोच नव्हे. आणि आवक-जावक पाहणाऱ्या लिपिकाशी नीट बोला. कागद कुठे अडकला हे त्या इमारतीत सगळ्यात आधी त्यांनाच कळतं.

११. ग्रामसभेत विषय मांडला. म्हणजे गावाला सांगून झालं ना?

कायद्यापुरतं झालं असेल. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे लोक लागतात, आणि गणपूर्ती झाली नाही म्हणून तहकूब केलेली सभा पुन्हा भरली तर तिला गणपूर्तीची अट नसते. ही शेवटची वाट अनेक गावांना इतकी सवयीची झाली आहे की पहिली सभा तहकूब होणार हे सगळे धरूनच चालतात. अशा सभेत झालेला ठराव कागदावर पक्का असतो. पण जेसीबी नाल्यात उतरला की "आमाले कोणं इचारलं?" म्हणत चार माणसं उभी राहतात, आणि त्यांचं चूक नसतं.

म्हणून ज्यांच्या वावरावर, पाण्यावर किंवा वाटेवर काम येणार आहे त्यांना सभेच्या आधी घरी जाऊन भेटा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यातच आहे, तिच्यावर नुसत्या सह्या गोळा करू नका. नळयोजनेत पाणी कधी सोडायचं हे बायांना विचारल्याशिवाय ठरवलेल्या वेळा टिकल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

गावाने एकत्र ठरवणं काय असतं ते पाहायचं तर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) पाहा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. देवाजी तोफा यांच्या नेतृत्वाखाली या गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत घातली, आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने अभ्यास गट चालवला. अभ्यास गटात फक्त समजून घ्यायचं, वाद घालायचा, माहिती गोळा करायची, निर्णय ग्रामसभेतच. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते आहे. आपल्या टीमने यातून एवढं तरी उचलावं: समजून घेण्याची बैठक आणि ठरवण्याची बैठक वेगळी ठेवायची. दोन्ही एकाच तासात कोंबल्या की ज्याचा आवाज मोठा त्याचं ठरतं.

पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेला भाग), म्हणजे धारणी-चिखलदरा, गडचिरोलीचा बराचसा भाग वगैरे ठिकाणी, पाड्याची स्वतंत्र ग्रामसभाही असू शकते. मोठ्या गावच्या सभेत विषय झाला म्हणून पाड्याला सांगितलं असं तिथे धरू नका.

१२. टीममधल्या बाया बैठकीत बोलतच नाहीत. विचारलं तर हसतात.

कुठे बसवता ते पाहा. पुरुष खुर्च्यांवर, बाया दाराशी सतरंजीवर, असं असेल तर हसण्याशिवाय त्या काय करतील? सगळे खाली बसा. विषय आदल्या दिवशी कळवा. बैठकीत पहिली फेरी त्यांच्यापासून सुरू करा, आणि "काही बोलायचंय का?" असं न विचारता त्यांच्या कामाचा नेमका प्रश्न विचारा: "कुंदाताई, हजेरीचा फोटो कालपासून का चढत नाही?" मग हसणं थांबतं आणि अशी माहिती येते जी सुपरवायझरकडे नसते. सासरा किंवा जेठ त्याच बैठकीत असेल तर मात्र आग्रह धरू नका. वेगळं भेटा आणि त्यांचा मुद्दा त्यांच्या परवानगीने मांडा.

१३. कोरकू, गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या गावात मराठीतून सांगितलेलं पोचतं का?

बाजारापुरतं, दवाखान्यापुरतं पोचतं. करार, हिस्सा, वर्गणी, नुकसानभरपाई अशा गोष्टी घरच्या भाषेतच नीट विचारल्या जातात. टीममध्ये त्या भाषेचा माणूस घ्या आणि त्याला दुभाष्या म्हणून न वापरता सहकारी म्हणून वागवा, म्हणजे बैठकीआधी विषय समजावून सांगा. शाळेतल्या पोरांकडून भाषांतर करून घेऊ नका. पैशाच्या आणि जमिनीच्या गोष्टी पोराच्या तोंडून मोठ्या माणसांना ऐकवणं त्यांना अवघड जातं आणि पोरगं कठीण भाग गाळतं. बोलताना दोन-तीन वाक्यांनी थांबा. तुम्ही पाच मिनिटं बोललात आणि भाषांतर दोन शब्दांत झालं, तर उरलेलं कुठे गेलं ते तिथल्या तिथे विचारा. नकाशा जमिनीवर राखेने आणि खड्यांनी काढला तर अर्धं काम होतं. नाला कुठून येतो ते लोक स्वतः दुरुस्त करून देतात.

१४. कार्यालयाचे लोक नागपूर-पुण्याहून ऑनलाइन बैठक घेतात. इथं रेंज नाही, लाइन नाही. काय करावं?

रेंजसाठी टेकडीवर चढून बसायचं शौर्य बंद करा. विषय आणि आकडे आदल्या दिवशी लेखी पाठवा, फोनवर फक्त निर्णयाच्या गोष्टी घ्या, आणि तुटक ऐकू आलेल्या प्रत्येक निर्णयाला लेखी दुजोरा मागा. भारनियमनाचं वेळापत्रक कार्यालयाला एकदाच पाठवून ठेवा.

१५. टीममधल्या दोघांचं पटत नाही. दोघंही गावातल्या वेगवेगळ्या गटाचे. मधे कोण पडणार?

निवडणुकीतला राग तुम्ही मिटवू शकणार नाही, आणि ते तुमचं कामही नाही. दोघांच्या कामाच्या हद्दी लिहून द्या, म्हणजे रोज एकमेकांची परवानगी मागायची वेळ येणार नाही. निरोप एकाच्या मार्फत दुसऱ्याला कधीच देऊ नका. दोघांना एकाच वेळी, एकाच शब्दांत कळवा. कुणाच्या ओसरीवर आधी बसलात हेसुद्धा गाव पाहत असतं. बैठक शाळेत, समाज मंदिरात किंवा ग्रामपंचायतीत घ्या. चहासुद्धा तिथेच.

१६. ग्रामसेवकांची बदली झाली आणि सगळं ठरलेलं हवेत गेलं. हे टाळता येतं का?

पूर्ण नाही. नवीन माणूस आला की पहिल्याच आठवड्यात आदेशांच्या प्रती, इतिवृत्त (प्रश्न ७) आणि अपूर्ण कामांचं एक पान घेऊन भेटा. जुन्या माणसाची तक्रार त्या भेटीत करू नका. जे तोंडी होतं ते गेलं असं धरून पुन्हा मागा. भांडत बसण्यापेक्षा ते लवकर होतं.

१७. मधल्या माणसाला वगळून थेट वर फोन करायची वेळ कधी येते? नेहमी तर "साखळीने या" सांगतात.

तीन वेळा, आणि तेव्हा अजिबात थांबू नका. जीवाला धोका असेल तेव्हा: कुणाला ऊन लागलं, खड्ड्याची कड ढासळली, साप चावला. आधी १०८, मग जवळच्या दवाखान्याला फोन, मग टीमला. ग्रुपवर लिहीत बसू नका. विजा कडाडायला लागल्या तर काम थांबवायचा अधिकार साइटवरच्या प्रत्येकाला, अगदी मजुरालाही, आधीच देऊन ठेवा. तो निर्णय कुणाला विचारून घ्यायचा नसतो.

दुसरी वेळ पैशाच्या गैरव्यवहाराची, आणि त्यात तुमचा थेट वरिष्ठच सामील असल्याची शंका. हे ग्रुपवर नाही, फोनवरही नाही. तारीख, आकडा आणि जे स्वतः पाहिलं तेवढंच लिहून त्याच्या वरच्या माणसाला द्या. ऐकीव गोष्टी त्यात मिसळल्या की खरी गोष्टही पातळ होते.

तिसरी वेळ छळाची. कामाच्या ठिकाणी बाईचा लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक लोक काम करतात तिथे अंतर्गत समिती असायला हवी. आपल्या बहुतेक टीम त्याहून लहान असतात. त्यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. "आधी आपसात बोलून घ्या" हा सल्ला इथे देऊ नका. प्रश्न ५ आणि ९ मधल्या युक्त्याही इथे लागू नाहीत.

पहिल्या प्रकारात वगळलेल्या माणसाला त्याच दिवशी स्वतः फोन करून सांगा की वगळलं आणि का. त्याला ते तिसऱ्याकडून कळलं तर पुढचे दोन महिने तुमचा एकही कागद वेळेवर पुढे सरकणार नाही.